शाकाहाराचा इतिहास वाचताना पुरावा कसा तपासावा

जुन्या काळी मांसाहार कोणी सोडला याचा शोध घेताना सर्वांत जास्त चुका होतात त्या 'अहिंसा' हा शब्द दिसताच तिथे 'शाकाहार' असे वाचल्यामुळे. म्हणून कोणताही पुरावा हाती घेतला की मनाई कोणाला आहे, कशाची आहे आणि कारण काय दिले आहे, हे तीन प्रश्न आधी वहीत मांडावेत.

सरावासाठी अशोकाचा गिरनारचा पहिला शिलालेख घ्यावा. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी कालवणासाठी रोज कित्येक लाख प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, त्यातही हरीण नेहमी नसते, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तिथे कोरले आहे. लाखांचा आकडा फुगवलेला असेलही. पण लेखात यज्ञबळीला मनाई आहे आणि प्रजेने मांस खाऊ नये असे एकही वाक्य नाही, हे नोंदवायला विसरू नये. (वसईजवळच्या आपल्या सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत, पहिल्या लेखातला मुदपाकखाना तिथे शोधू नये.) अशोकाच्याच पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे विकू नयेत असा हुकूम आहे, त्यावरून एरवी ते विकले जात होते हे ओळखावे.

धर्मग्रंथांनाही हेच प्रश्न विचारावेत. भिक्षूंना मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे ही देवदत्त या भिक्षूची मागणी बुद्धाने नाकारल्याचे विनयपिटक, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, सांगते.

विलायतेतील चळवळीचा माग संस्थेच्या नावापासून नव्हे, माणसांपासून काढावा. विल्यम काउहर्ड यांनी 1809 मध्ये सॅल्फर्डच्या आपल्या चर्चमध्ये मांसत्यागाचा उपदेश केला, आणि 1847 मध्ये रॅम्सगेट येथे व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली तेव्हा सभेचे अध्यक्ष जोसेफ ब्रदर्टन काउहर्ड यांच्याच पंथाचे होते. आरोग्याच्या भाषेतल्या चळवळीखाली धर्म असा सापडतो.

व्रत आणि मत यांचे रकाने मात्र वेगळे ठेवावेत. गांधीजी 1888 मध्ये लंडनला गेले ते मांस न खाण्याच्या, आईला दिलेल्या शब्दाने बांधलेले होते, तरी सर्व भारतीयांनी मांस खावे असेच त्यांना तोवर वाटत असे; हेन्री सॉल्ट यांची शाकाहाराची बाजू मांडणारी पुस्तिका वाचल्यावर ते मनाने शाकाहारी झाले. त्यामुळे त्यांची नोंद एका तारखेखाली न करता दोन ओळींत करावी.