मुलांनी घरून टॅब आणायचे, त्याआधी

गेल्या वर्षी ऐरोलीतल्या आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना ‘उद्या घरचा टॅब आणा’ असं सांगितलं आणि भूमितीचा ३५ मिनिटांचा तास पूर्ण वाया घालवला. चूक माझी होती. यंदा पुन्हा करतेय, म्हणून हे लिहून ठेवतेय. दुसऱ्या कुणी शिक्षकांनी हे मनावर घेतलं असेल तर त्यांच्याही कामी येईल.

टॅब चार्ज करून आणायचा, मागे नावाची पट्टी चिकटवायची. हे सगळ्यांना कळतं.

आता मी जे विसरले ते. टॅब आदल्या रात्री घरी, आई किंवा बाबा शेजारी बसलेले असताना, मुलाने स्वतः उघडायचा. अ‍ॅप उघडायचं, लॉगिन करायचं, थेट धड्यापर्यंत जाऊन यायचं. पहिलं लॉगिन शाळेत करायचं नाही. घरचा टॅब बहुतेक वेळा मुलाचा नसतोच. त्यात आईचं नाहीतर बाबांचं खातं असतं, पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. सकाळी साडेनऊला आई ठाण्याच्या लोकलमध्ये उभी असते. तिने ओटीपी कसा आणि कुणाला कळवायचा?

आमचे ४२ पैकी ११ टॅब इथेच अडकले. एका मुलीच्या स्क्रीनवर आलं, ‘७४ ने संपणाऱ्या क्रमांकावर कोड पाठवला आहे.’ आई नर्स, ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. मी बाकावरच्या दुसरीला म्हटलं, हिलाही दाखव गं. तिने टॅब सरकवला, पण ही मान वर करेना. त्या सहा रिकाम्या चौकटींवर बोट ठेवून तास संपेपर्यंत बसून राहिली. टॅब शाळेत न्यायला मिळावा म्हणून तिने घरी आठवडाभर विनवण्या केल्या होत्या, हे मला नंतर तिच्या आईने सांगितलं.

म्हणून पालकांच्या ग्रुपवर नुसता ‘टॅब तयार ठेवा’ असा निरोप टाकू नका. उघडलेल्या धड्याचा फोटो मागवा. फोटो आला नाही तर त्या घरी फोन करा.

संमतिपत्र आठवडाभर आधी पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. तेव्हा मुलांच्या नावाने नवी खाती उघडायला लावणारं अ‍ॅप शक्यतो नकोच. टॅब फुटला तर काय करायचं, हेही त्याच कागदावर स्पष्ट लिहा. नंतर वाद नकोत.

शाळेच्या वायफायवर विसंबू नका. शाळेतल्या घरगुती पद्धतीच्या राउटरवर एकदम चाळीस टॅब जोडले की काहीच हलत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपमध्ये स्कॅन करून त्या धड्याचं साहित्य घरीच डाउनलोड करून घ्या. दीक्षा २०१७ पासून आहे, तरी ते नेट नसतानाही चालतं हे आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या जणांना माहीत नव्हतं. भूमितीला जिओजेब्रा (आकृत्या काढायचं अ‍ॅप) हवं असेल तर तेही आधीच टाकून घ्यायचं. मग एअरप्लेन मोड लावून सगळं उघडतंय ना, ते पाहायचं. हेसुद्धा घरीच, आदल्या रात्री, लॉगिनसोबत.

ज्यांच्या घरी टॅब नाही त्यांची नावं पालकांकडून आधी गुपचूप घ्या. वर्गात ‘कुणाकडे नाही, हात वर करा’ असं कृपा करून विचारू नका. सगळ्यांनाच तिघातिघांच्या गटात बसवा आणि एका गटाला एकच टॅब द्या, म्हणजे कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही हे दिसतच नाही. खरं तर कोन मोजताना तिघं भांडत भांडत जास्त शिकतात.

मुलं गेममध्ये शिरू नयेत म्हणून स्क्रीन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवता येते: अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग असतं, आयपॅडवर गायडेड अ‍ॅक्सेस. दोन्ही सेटिंगमधून सुरू करावी लागतात आणि पिन पालकांना विचारावा लागतो, म्हणजे पुन्हा आदली रात्रच.

वर्गात चार्जिंग नको. चाळीस टॅबचा भार फार नसतो, एकेक १० वॅट धरला तरी ४००. पण वर्गात सॉकेट दोन, आणि एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून पायात वायरी मला चालणार नाहीत.

जून-जुलैत टॅब झिपच्या प्लास्टिक पिशवीत. मधल्या सुट्टीत कपाटात, किल्ली आपल्याकडे. लाइट गेली तर तोच धडा फळ्यावर घेता येईल एवढी तयारी. तास संपल्यावर मोजणी, सही, घरी.

आणि आदल्या रात्री नऊ वाजता ग्रुपवर फोटो मोजा. ४२ मुलं, तिघांचा एक गट, १४ टॅब, १४ फोटो. तेरा आले असतील तर चौदाव्या घरी तेव्हाच फोन लावा, सकाळवर ठेवू नका.