नागीण उठली? या चुका टाळा

खानापूर असो की निपाणी, घरात कुणाला नागीण उठली की पहिली चौकशी ठरलेली: 'तोंडाला तोंड लागलं नाही न्हवं?' दोन्ही टोकं मिळून विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती कानडी शेजाऱ्यांच्या 'सर्पसुत्तु'लाही चिकटलेली आहे. ती आधी सोडा. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मणक्याशेजारच्या मज्जागाठींत दडून बसतो आणि पुढे त्यातल्या एखाद्या गाठीतून जागा होतो. त्या गाठीची नस शरीराच्या एकाच बाजूला जाते, म्हणून पुरळाचा पट्टा पाठीच्या मधोमध येऊन थांबतो. प्रतिकारशक्ती फारच ढासळली असेल तर पुरळ क्वचित अंगभर पसरतं. ते गंभीरच, पण त्याचा विळख्याशी काही संबंध नाही.

खरं नुकसान करणारी चूक दुसरीच. 'मामांनी काव लावलीय, मंत्र टाकलाय, उतरंल की,' म्हणत आठवडा घालवायचा. विषाणूला रोखणाऱ्या, असायक्लोव्हिरच्या जातीच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा फायदा सर्वांत जास्त. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवा, नव्या पुळ्या येत असतील तर ते अजूनही गोळ्या देतात. पुरळ तर आपोआपही सुकतं, म्हणून कावेला श्रेय मिळतं. पुढे महिनोन् महिने नस ठणकत राहते, ते मात्र कुणी कावेच्या खात्यावर मांडत नाही.

'काढा पिऊन प्रतिकारशक्ती वाढवतो' हा तिसरा घोटाळा, आणि इथे थोडं खोलात जायला हवं. पेशीचा डीएनए एरवी केंद्रकात असतो, म्हणून बाहेर पेशीरसात डीएनए सापडणं म्हणजे घुसखोरी. ती ओळखायला 'सीगॅस' नावाचं प्रथिन असतं. त्याने इशारा दिला की इंटरफेरॉन हे निरोप्या प्रथिन सुटतं आणि शेजारच्या पेशी सावध होतात. हर्पिस कुळातले विषाणू (नागिणीचा त्यातलाच) चोरासारखे आधी घंटेची वायरच कापतात. नागिणीच्या विषाणूचं ओआरएफ9 हे प्रथिन सीगॅसलाच अडवतं. ओठांवर पुळ्या आणणारा त्याचा भाऊबंद आयसीपी0 हे प्रथिन वापरून पेशीच्या पहारेकरी प्रथिनांची विल्हेवाट लावतो. पेशीने प्रथिननिर्मिती बंद पाडून विषाणूची कोंडी केली, तर त्याच भाऊबंदाचं आयसीपी34.5 हे प्रथिन ती पुन्हा सुरू करून देतं. इतकी नेमकी तोडफोड काढ्याने दुरुस्त होईल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

'फ्लूसारखा हाही दरसाल रूप बदलत असेल' हाही गैरसमज. हे मोठ्या डीएनएचे विषाणू आहेत. नक्कल करताना चूक झाली तर ते ती तपासून सुधारतात, त्यामुळे बदल सावकाश होतात. त्यांनी यजमानाबरोबर, म्हणजे ज्याच्या शरीरात राहतात त्याच्याबरोबर, लाखो वर्षं काढली आणि वाटेत त्याचीच जनुकं उचलली. याच कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसकडे आपल्या इंटरल्युकिन-10 या प्रथिनाची नक्कल आहे, ती प्रतिकाराला थंड करते. शिवाय यूएल18 नावाचं बनावट ओळखपत्रही आहे, ते दाखवून तो गस्तीवरच्या काही रक्षक पेशींना परत पाठवतो.

आता घाईचं. पुळ्या कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. बेळगावला जायला एसटी चुकली तरी दुसरी पकडा, पण 'उद्या बघू' नको. दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम तर तिथे मुळीच लावू नका. पुळ्या झाकून ठेवा. त्यातल्या पाण्यापासून, कांजिण्या न झालेल्याला नागीण नव्हे तर कांजिण्या होतात, म्हणून खपल्या धरेपर्यंत बाळ-बाळंतीण आणि गरोदर बाईपासून लांब राहा.

लशीबद्दल विचारायचं ते सगळं बरं झाल्यावर. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस 2023 पासून भारतात मिळते. अंगावर पुळ्या असताना ती घेत नाहीत, आणि उठलेली नागीण तिने बरीही होत नाही.