मुलांसाठी चर्च निवडताना: मोठी मंडळी की लहान?

नगर, जालना, पुण्याकडून बदली होऊन इंदूरला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं मला पहिल्याच भेटीत विचारतात, "ताई, मुलांना कुठल्या चर्चला न्यायचं?" काहींना 1858 सालचं सेंट ॲन्स, म्हणजे आपलं व्हाइट चर्च, ऐकून माहीत असतं. काहींना शेजारच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये जमणाऱ्या पंचवीस-तीस माणसांच्या मंडळीचं आमंत्रण आलेलं असतं. माझं माहेर नगरचं. लग्नानंतर मी इथल्या राजेंद्रनगरला आले आणि दोन्ही मुलं इथेच वाढवली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधी सांगते. आईबापांखेरीज दोन-तीन मोठ्या माणसांना तुमचं मूल नावानिशी ठाऊक असेल आणि त्याच्या हाती काही काम दिलं जात असेल, तर ते चर्च त्याच्यासाठी चांगलं. इमारत, वाद्यं, माणसांची संख्या हे सगळं नंतर.

बघायला जायचं तर नाताळ किंवा ईस्टरला जाऊ नका. त्या दिवशी प्रत्येक चर्च भरलेलं आणि प्रसन्न असतं. जुलैतल्या भर पावसातला एखादा साधा रविवार निवडा. एकाच जागी लागोपाठ तीन-चार रविवार जा, मग दुसरीकडे तेवढेच. उपासना संपल्यावर लगेच गाडीकडे वळू नका, दहा-पंधरा मिनिटं तिथेच थांबा. मुलं कुणाशी बोलतात, त्यांच्याशी कोण बोलतं, हे त्या वेळात दिसतं. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गाच्या, शिक्षिकेला विचारून एकदा वर्गात मागे बसा. वचन पाठ करून घेणं ठीकच आहे, पण मुलाने प्रश्न विचारला तर त्याचं काय होतं, तेही बघा. "देवाने ईयोबाची मुलं का मरू दिली?" असं बायबलमधल्या ईयोबाबद्दल विचारणाऱ्या मुलाला "गप्प बस" म्हणणारा वर्ग मला नको.

लहान मंडळीची ताकद मला माझ्या मुलामुळे कळली. आमच्याकडे मराठी उपासना होते. तो आठ वर्षांचा असताना पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्याला बायबलमधल्या दानीएलचा तिसरा अध्याय वाचायला दिला. उभा राहिला आणि पहिल्याच ओळीत 'नबुखद्नेस्सर' या राजाच्या नावावर अडला. कुणी हसलं नाही, कुणी घाईही केली नाही. पुढच्या बाकावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका हळूच म्हणाले, "न-बु-खद्-नेस्सर." त्याने त्यांच्यामागे म्हटलं. त्या अध्यायात हे नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा वाढत गेला. उपासनेनंतर काकांनी त्याला जवळ बोलावून पुढच्या रविवारचा उतारा दाखवला. आमची मुलं शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी बोलतात. सगळ्यांसमोर मराठी वाचण्याची ही एवढी एकच जागा त्यांना आहे. मोठ्या चर्चमध्ये वाचकांची यादी महिनोन् महिने आधी ठरते आणि लहान मुलाचा नंबर क्वचितच लागतो. म्हणून दहा-अकरा वर्षांपर्यंत मी लहान मंडळीच्याच बाजूने बोलते.

बाराव्या-तेराव्या वर्षी चित्र बदलतं. माझी मुलगी त्या वयाची झाली तेव्हा मंडळीत तिच्या बरोबरीचं कुणीच नव्हतं. एका बाजूला आज्या, दुसऱ्या बाजूला रांगणारी बाळं. रविवारी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. त्या वयात आईबापांचा विश्वास पुरत नाही, आपल्यासारख्याच चारजणी प्रार्थना करताना दिसाव्या लागतात. आम्ही तिला शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या चर्चच्या तरुण संघात पाठवायला लागलो आणि रविवारची उपासना घरच्यासारख्या मंडळीतच ठेवली. असं करायचं असेल तर दोन्हीकडच्या पाळकांना आधी स्पष्ट सांगा. लपूनछपून केलं तर मुलाला चोरी केल्यासारखं वाटतं, आणि गोष्ट बाहेर यायची ती येतेच.

मोठं चर्च निवडलंत तर ते आपल्या मुलापुरतं लहान करावं लागतं, आणि ते काम आईबापांचं. उपासनेची वेळ बदलत राहू नका. दर रविवारी त्याच बाजूच्या बाकावर बसा, म्हणजे मागेपुढे तेच चेहरे दिसतील. घरोघरी होणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत जा. दोघांपैकी एकाने शब्बाथ शाळेत मदतीला उभं राहा. आमच्या ओळखीच्या एका मुलाला त्याच्या वर्गात वर्षभर दुसऱ्याच नावाने हाक मारली जात होती आणि त्याने ती दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. त्याच्या आईला हे फार उशिरा समजलं.

लहान मंडळीचा धोका वेगळा. तिथे सगळं एका कुटुंबाच्या किंवा एका माणसाच्या हाती असू शकतं. अर्पणाचा हिशेब कोण लिहितं, तो वर्षातून एकदा तरी सगळ्यांसमोर वाचला जातो का, हे विचारा. विचारल्यावर कुणाच्या कपाळाला आठी पडली, तर तेच उत्तर समजा.

बाप्तिस्म्याचंही आधीच विचारून घ्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत फक्त मोठेपणीचा बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून तिथे बाळाचा आणि मोठेपणी घेतलेला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. बऱ्याच स्वतंत्र लहान मंडळ्या मात्र फक्त समजत्या वयातला, पाण्यात बुडवून दिलेलाच मानतात. हे आईबापांना माहीत नसलं, तर एखाद्या रविवारी मूल घरी येऊन विचारतं, "माझा बाप्तिस्मा खोटा होता का?"

मुलांच्या सुरक्षिततेबाबत लहान-मोठं काही नाही, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा. वर्गात दोन मोठी माणसं असतात का? दार उघडं असतं का? शिबिराला रात्री मुलांबरोबर कोण झोपतं? शिक्षक मुलांना एकेकट्याला फोनवर निरोप पाठवतात का? 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. "मंडळीतच मिटवू, लोकांत आपली साक्ष, आपलं नाव खराब होईल," असं कुणी म्हणालं, तर त्या मंडळीत मुलाला पुन्हा पाठवू नका. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या.

अंतराकडे दुर्लक्ष करू नका. राजेंद्रनगरहून व्हाइट चर्च आहे त्या रेसिडेन्सी भागाकडे रविवारी सकाळी पटकन जाता येतं, पण बुधवारच्या संध्याकाळी नाताळच्या नाटकाची तालीम असली की रस्त्यातच दम निघतो. मग तालमी बुडतात, आणि मूल रविवारपुरतं पाहुणं राहतं.

एकदा ठरवलंत की निदान दोन-तीन वर्षं जागा बदलू नका. बदलावीच लागली, तर जुन्या पाळकसाहेबांना घरी बोलावून सांगा, त्यांच्याकडून सभासदत्वाचं पत्र घ्या आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा शिक्क्यासह मागून ठेवा. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी तो लागतो, लग्नाच्या वेळीही लागतो, आणि लहान मंडळीचा हॉल बदलला की जुनं रजिस्टर शोधायला फार फिरावं लागतं.