रोजची योगसाधना बेताने कशी वाढवावी

रथसप्तमीच्या पहाटे मी १०८ सूर्यनमस्कार घातले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी महिनाभर रोज बारा घालत होते. एवढ्याच भांडवलावर १०८. घालताना काही जाणवलं नाही. मंत्र चालू, आजूबाजूला माणसं, अंगात उत्साह. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसले आणि उजव्या बाजूला, बसताना जे हाड खाली टेकतं नेमक्या त्या जागी, सुई टोचल्यासारखी कळ आली. मांडीच्या मागचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो, तिथेच तो दुखावला होता. पुढचे सात महिने खाली वाकणं बंद. हिशेब मी नंतर मांडला. एका नमस्कारात आपण दोनदा पुढे वाकतो, म्हणजे १०८ मध्ये २१६ वेळा. रोज २४ वेळा वाकणाऱ्या पायाला मी एका सकाळी नऊपट काम लावलं होतं.

आज मी स्वतः सकाळचा वर्ग घेते. आळशी माणसाची मला फारशी काळजी वाटत नाही. तो आज ना उद्या येतो. काळजी वाटते ती जोशात आलेल्याची. पहिल्या आठवड्यात दीड तास, दुसऱ्या आठवड्यात दोन तास, आणि महिन्याभरात कंबर धरून घरी. अशा माणसाने साधना कशी बेतावी, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आपली अर्धी शक्ती ओळखा

आपल्याकडे व्यायामाचं जुनं माप आहे ते अर्धशक्तीचं. धडधाकट माणसानेही आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, आणि तोही थंडीत नि वसंतात. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी, असं आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी सांगितलं आहे. निम्मी ताकद कशी ओळखायची, याची खूण सुश्रुतसंहितेत आहे: व्यायाम करताना श्वास तोंडाशी येऊ लागला की अर्धं बळ खर्च झालं. ही खूण आजही चालते. नाकाने संथ श्वास घेत नमस्कार घालायला लागा. ज्या नमस्काराला तोंड उघडावंसं वाटेल, तिथे आकडा मनात धरा आणि थांबा. लागोपाठ तीन दिवस असं करा. तीन आकड्यांतला सर्वांत लहान तो तुमचा. सात आला तर सातापासून सुरुवात करा, त्यात कमीपणा काही नाही.

एप्रिल-मेमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, हाच आकडा निम्म्यावर आणा आणि सूर्य वर यायच्या आत उरका.

दुसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट वाढवा

एका आठवड्यात एक तर आवर्तनं वाढवा, नाहीतर आसनात थांबायचा वेळ वाढवा, नाहीतर एखादं नवं आसन घ्या. तिन्ही एकदम वाढवलं आणि कुठे दुखलं, तर कशामुळे दुखलं हे कळायला मार्ग उरत नाही. सातवरून सुरुवात केली असेल तर दुसऱ्या आठवड्यात आठ, तिसऱ्यात नऊ, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा सात. हा चौथा, हलका आठवडा लोक हमखास गाळतात. ‘आता जमतंय की मॅडम,’ असं म्हणतात. जमत असतंच, कारण स्नायू लवकर तयार होतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, म्हणजे कंडरेला, रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिला ताकद यायला महिने लागतात. स्नायू हो म्हणतो आणि कंडरा मागे राहते. माझं रथसप्तमीला जे झालं ते हेच.

आठवड्यातला एक दिवस आसनांना सुट्टी द्या. त्या दिवशी सावकाश अनुलोम-विलोम आणि लांब शवासन पुरे. ताप असेल तर आसनं मुळीच नकोत. डेंगी-चिकुनगुनियातून उठलात तर आधीच्या आकड्याच्या चौथाईपासून सुरू करा. सांधे दुखत असतील तर तेही नको. मासिक पाळीत काय करावं याबद्दल मतं पुष्कळ आहेत. माझ्या वर्गात मी एवढंच सांगते की अंग सांगेल तेवढं करा, आणि नाही केलं तर बुडालं असं समजू नका.

तिसरी पायरी: दुखण्यातला फरक ओळखा

नव्या माणसाचं अंग दुखणारच. स्नायूच्या मधल्या, मांसल भागात पसरलेलं, जड, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त आणि मग उतरणारं दुखणं साधं असतं. सांध्यात किंवा त्याच्या अगदी कडेला, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, आसन करत असतानाच येणारी तीक्ष्ण कळ वेगळी. ती आली की त्याच क्षणी आसन सोडा. श्वास धरून, दात आवळून ‘अजून पाच सेकंद’ म्हणू नका.

पद्मासनाचं थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त गुडघे इथे बिघडतात. पाय वर घ्यायचा तर मांडी खुब्यातून बाहेर वळायला हवी. वळण्याचं काम खुब्याचं. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा, उघड-मीट करणारा. ऑफिसात वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून खुबा आखडलेला असतो, तो वळत नाही. मग आपण घोटा धरून पाऊल वर ओढतो, आणि जो पीळ खुब्याने घ्यायचा तो गुडघ्याच्या आतल्या गादीवर येतो. पडताळून पाहायला सोपं आहे: मांडी घालून बसा आणि गुडघे जमिनीपासून किती वर राहतात ते बघा. वीतभर वर असतील तर पद्मासनाचं नाव सध्या काढू नका. चादरीची चार पदरी घडी बुडाखाली घ्या, कंबर गुडघ्यांपेक्षा उंच येऊ द्या आणि साध्या मांडीवर बसा. ध्यानाला तेवढं पुरतं.

वज्रासनात पायाला मुंग्या आल्या की उठा. पाय पूर्ण बधिर होईपर्यंत बसण्याने काही साधत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस बराच वेळ दबून राहिली, तर पाऊल उचलता येईनासं होऊ शकतं आणि ते पूर्ववत व्हायला आठवडे लागतात.

शीर्षासन पुस्तकात किंवा व्हिडिओत बघून करू नका. काचबिंदू असेल तर ते वर्ज्यच, कारण डोके खाली जाताच डोळ्यातला दाब एकदम वाढतो.

चौथी पायरी: प्राणायामात आकडा कमी, विश्रांती जास्त

सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसाच प्राण हळूहळू वश होतो, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असं हठयोगप्रदीपिका बजावते. तरी अर्धा तास सलग कपालभाती करणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. जोरजोराने श्वास टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठांभोवती मुंग्या, बोटं ताठणं, डोकं हलकं होणं ही त्याची लक्षणं. ती कुंडलिनीची चाहूल समजून पुढे रेटणारेही असतात. असं झालं की थांबा, डोळे उघडा, साधा श्वास घ्या.

सुरुवातीला कपालभातीचे २० ठोके, मग एक मिनिट साधा श्वास. अशी तीन आवर्तनं. अनुलोम-विलोम पाच मिनिटं, श्वास न रोखता. चार मोजत घ्या, चार मोजत सोडा. महिना-दोन महिन्यांनी सोडणं आठापर्यंत लांबवा. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, शिकायचं ते समोर जाणकार शिक्षक असतानाच. उच्च रक्तदाब, हृदयरोग, हर्निया, फिट्स येत असतील, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा दिवस गेले असतील तर कपालभाती-भस्त्रिका करू नका.

पाचवी पायरी: ध्यानही जास्त होतं

हे सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात दिवसाला दहा तासांच्या आसपास बसतात, पण तिथे मौन असतं, वेळेवर जेवण असतं, विचारायला आचार्य असतात. तेच घरी करायला गेलं की सव्वासहाला दूधवाला, साडेसहाला मुलांचे डबे. मग माणूस झोपेतून दोन तास काढतो आणि ध्यानाला देतो. हा सौदा करू नका. रोज दहा मिनिटांनी सुरू करा, तीन आठवडे दहाच ठेवा, मग पंधरा. बैठक संपली की लगेच फोन हातात घेऊ नका. दोन मिनिटं तशीच बसून राहा.

झोप उडणं, विनाकारण चिडचिड, छातीत धडधड, जुन्या दुखऱ्या आठवणींचा लोंढा, आजूबाजूचं जग खोटं किंवा दूर गेल्यासारखं वाटणं: यातलं काही आलं तर बैठक बंद ठेवा. झाडांना पाणी घाला, भाजी निवडा, अनवाणी चाला, कुणाशी तरी बोला. आठ दिवसांत निवळलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्रास फार असेल तर आठ दिवस थांबूही नका. मानसोपचार चालू असतील तर ध्यान सुरू करण्याआधीच त्या डॉक्टरांशी बोला, आणि ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून सोडू नका. हे मी कळकळीने सांगते.

सहावी पायरी: कालनिर्णयवर नोंद

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज सकाळी तीन खुणा करा. झोप नीट झाली का, एखादा सांधा ठणकतो का, आणि आज सतरंजी पसरावीशी वाटते का. तिन्ही ठीक तर कालचा बेत तसाच चालू. एक बिघडलं तर निम्मं करा. दोन बिघडली तर फक्त शवासन. नोंद सकाळीच करायची, कारण आदल्या दिवशी जास्त झालं की नाही ते रात्रभराची झोप झाल्यावर कळतं. सतरंजीवरून उठताना तर सगळ्यांनाच छान वाटत असतं. महिना संपला की पान उलटण्याआधी एक नजर टाका. माझ्या वर्गातल्या एका काकूंना त्यावरूनच लक्षात आलं की दर सोमवारी त्यांचा गुडघा दुखतो. रविवारी मुलगा-सून घरी असतात म्हणून त्या वेळ मिळेल तसं दुप्पट करत होत्या.

यंदाच्या रथसप्तमीला वर्गात पुन्हा १०८ चा विषय निघाला. आम्ही ते वाटून घेतले. नऊ जण, प्रत्येकी बारा. मंत्र सगळ्यांनी मिळून म्हटले, आणि सव्वासातला सगळे माझ्या घरी चहाला आले.