नुओवो रेकॉर्ड: सरळ सरकणारा डिरेलर बसवताना

इटलीतल्या व्हिचेंझाच्या काम्पान्योलोने 1967 मध्ये आणलेला नुओवो रेकॉर्ड हा सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आजच्या सवयीने लावायला गेलात तर छळतो. त्याची चौकट, म्हणजे चेनला आत-बाहेर नेणारा सांध्यांचा भाग, सरळ आडवी सरकते. मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचं (स्प्रॉकेटचं) फ्रीव्हील मात्र उतरतं असतं. म्हणून मोठ्या स्प्रॉकेटखाली डिरेलरची वरची छोटी चाकी (पुली) दातांना खेटते, लहानाखाली दूर राहते आणि गिअर उशिरा पडतो. हा बिघाड नव्हे, घडणच तशी आहे. जपानच्या सनटूरने 1964 मध्येच तिरपी चौकट काढली होती, पण पेटंट त्यांचं. मागे 26 दात्यांपर्यंतच थांबा. 28 ला पुली बहुधा घासते.

बोल्टचे आटे 10 मिमी व्यासाचे, इंचाला 26. आजच्या 10×1 मिमी हँगरमध्ये (फ्रेमवरच्या डिरेलर लावायच्या कानात) तो बसतो, पण सुरुवात बोटांनीच करा. वरच्या सांध्यात स्प्रिंग नाही. उजवीकडून पाहता हँगरवर साधारण सातच्या काट्याच्या जागी एक खाच असते. डिरेलरची जीभ तिच्यावर टेकली पाहिजे. चुकली तर सगळा डिरेलर पुढे झुलतो आणि चेन लोंबते. सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीच्या जुन्या हँगरला ना आटे ना ही खाच, तेव्हा फ्रेम आधी तपासा.

चौकटीला दोन्ही टोकांना थांबवणारे मर्यादेचे दोन स्क्रू वायर जोडण्यापूर्वीच लावा. त्यांवर खुणा नसतात: एक फिरवा, चौकट कुठे हलते ते पाहा. मागून बघताना पुली सर्वांत लहान स्प्रॉकेटच्या बरोबर खाली हवी. मग डिरेलर हाताने आत ढकलून पेडल फिरवा. चेन मोठ्यावर चढावी, पण पिंजरा (पुल्या धरणाऱ्या पट्ट्या) आऱ्यांना लागता कामा नये. इथे घाई केलीत तर चाक आणि डिरेलर दोन्ही गेले म्हणून समजा.

वायर ताणायचा बॅरल (फिरवायचा स्क्रू) यात नाही. लिव्हर पूर्ण पुढे, चेन लहान स्प्रॉकेटवर, वायर हाताने ओढून 8 च्या पान्याने आवळा. ओढताना चौकट हलली तर ताण जास्त झाला. किंचित ढील चालते, लिव्हरचा पहिला हिसका वाया जातो एवढंच. टकटक थांबणारे इंडेक्स शिफ्टर मात्र लावू नका.

चालवताना पेडलवरचा जोर कमी करून लिव्हर हव्या गिअरच्या जरा पुढे न्या, चेन चढली की थोडा मागे घ्या. खरखर ऐकू आली तर अजून केसभर.

विकत घेताना पिंजऱ्याचं टोक धरून हलवा. चौकटीच्या पिना झिजल्या असतील तर डगमग तिथेच कळते, आणि त्या घरी बदलता येत नाहीत. वर ‘पेटंट’ या शब्दापुढे कोरलेले दोन आकडे बनावटीचं वर्ष सांगतात.