वाड्यात नवे न्हाणीघर करताना या चुका टाळा

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांत न्हाणीघर बहुधा मागच्या चौकाला लागून, दगडी जोत्यावर असे आणि सांडपाणी मोरीतून सरळ बाहेर जाई. घरातील लाकूडकामापासून पाणी लांब ठेवण्याची ती व्यवस्था होती. आज त्याच वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला वरच्या मजल्यावर, झोपण्याच्या खोलीला लागून न्हाणीघर हवे असते आणि घरात वयस्कर माणसे असतील तर ही गरज अगदी रास्त आहे. मात्र सिमेंटच्या इमारतींत काम करण्याची सवय असलेला कारागीर तीच पद्धत वाड्यात वापरतो, तेव्हा नुकसान सुरू होते, आणि ते दिसू लागेपर्यंत काही वर्षे निघून जातात.

सर्वांत महागात पडणारी चूक वजनाची आहे. वरच्या मजल्याची जमीन सागवानी तुळया, त्यांवर कड्या (आडवी बारीक लाकडे), कड्यांवर तक्तपोशी (लाकडी फळ्या) आणि त्यावर माती किंवा चुन्याचा थर अशी असते. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात चार इंच जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला, तर एकट्या कोब्याचे वजन सहाशे किलोच्या घरात जाते. फरशी, कमोड आणि भरलेली पिंपे वेगळीच. त्याऐवजी जुना मातीचा थर उतरवावा, तक्तपोशीवर सिमेंट बोर्ड बसवावे, त्यावर जलरोधक थर देऊन तो चारही भिंतींवर किमान सहा इंच चढवावा आणि मगच पातळ फरशी लावावी. त्याआधी तुळया संरचना अभियंत्याला दाखवणे टाळू नये.

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे. कमोडच्या चार इंची पाइपला चाळीसास एक असा उतार दिला, तर दहा फुटांत पाइप तीन इंच खाली उतरतो. ही जागा मिळवण्यासाठी कडीला, कधी तुळईलाही खाच पाडली जाते. असे कदापि होऊ देऊ नये. कमोड बाहेरच्या भिंतीलगत घ्यावा आणि उभा पाइप वाड्याच्या मागील बाजूने उतरवावा. दर्शनी भिंतीवरून तो नेला तर वाड्याचे रूपही बिघडते.

आमच्या वाड्यात खालच्या खोलीच्या तक्तपोशीवर बशीएवढा काळा डाग उमटला होता. आम्ही त्यावर दोनदा रंग दिला. तिसऱ्यांदा सुताराने भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो बोटभर आत गेला. वरच्या न्हाणी ट्रॅपची (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीदार तोंडाची) कड आणि फरशी यांमधल्या केसाएवढ्या फटीतून पाणी झिरपत होते. टेकू देऊन कुजलेले टोक कापावे लागले आणि नवे सागवान लोखंडी पट्ट्यांनी जोडावे लागले. असा डाग दिसताच ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि चोवीस तास थांबावे. पातळी बरीच उतरली आणि डाग ओला झाला, तर दोष फरशीत आहे. पातळी टिकली आणि फरशी कोरडी केल्यावरही डाग ओलाच राहिला, तर टाकीकडून येणारा नळ बंद ठेवून पाहावे. डाग सुकू लागला, तर गळती पुरवठ्याच्या पाइपमध्ये आहे.

भिंतींच्या बाबतीत सिमेंटचा गिलावा ही सर्रास होणारी चूक आहे. चुन्यात किंवा मातीत बांधलेली विटांची भिंत जमिनीतून ओल घेते आणि ती हळूहळू हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते, वाट शोधत वर सरकते, आणि न्हाणीघराच्या पलीकडच्या खोलीत भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरून पोपडे सुटू लागतात. त्या पोपड्यांवर जलरोधक रंग लावणे म्हणजे रोग आतच ठेवणे. तेथील सिमेंट खरवडून काढावे, भिंत काही आठवडे उघडी सुकू द्यावी आणि चुना, वाळू व विटकरीच्या भुकटीचा गिलावा करावा. भिंतीवर टाइल्स केवळ शॉवरपुरत्या लावाव्यात. उरलेली भिंत चुन्याची ठेवावी. या बाबतीत कारागीर कितीही आग्रह करो, घरमालकाने ठाम राहावे.

याच भिंतीत ग्राइंडरने चर पाडून पाइप गाडू नयेत. जुना दर्जा, म्हणजे विटांच्या सांध्यांतला चुना किंवा माती, हादऱ्याने सुटतो. पाइप भिंतीवरून उघडे न्यावेत, म्हणजे गळती त्याच दिवशी दिसते. पाण्याने भरलेल्या पंचवीस लिटरच्या गिझरचे वजन पस्तीस किलोंच्या पुढे जाते आणि मातीच्या दर्जात त्याचे बोल्ट धरत नाहीत, म्हणून तो जमिनीवर टेकलेल्या स्वतंत्र चौकटीवर बसवावा. विजेच्या जोडणीला अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा तीस मिलीअँपियरचा स्विच हवाच.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर त्याची श्रेणी पाहून आवश्यक ती परवानगी काम सुरू होण्याआधीच घ्यावी. चुन्याचा गिलावा पक्का व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढणे चांगले. पावसाळा तोंडावर असताना उघडलेली भिंत सुकत नाही.