बायोप्सीचा तुकडा बरोबर जागेचा आहे का, हे पेशंट टेबलावर असतानाच कसं बघायचं

मी मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, टेक्निशियन आहे, आणि हे लिहितेय ते नवीन जॉइन झालेल्यांसाठी, कारण गन (तुकडा घ्यायची स्प्रिंगची सुई) मारायला डॉक्टर शिकतात, मशीन कंपनीवाला शिकवून जातो, पण बाहेर आलेल्या तुकड्याचं पुढे काय करायचं हे कोणी बसून सांगत नाही. एका ठिकाणी काम करत असताना कॅल्कची केस होती, कॅल्क म्हणजे स्तनातले चुन्याचे बारीक कण, दहा तुकडे घेतले, सगळे छान लांब, क्लिप (जागेची खूण म्हणून आत ठेवतात तो धातूचा बारीक तुकडा) टाकली, सुई काढली, पट्टी केली, त्या बाई बार्शीच्या गाडीत बसल्यासुद्धा आणि मग आम्ही तुकड्यांचा एक्स-रे काढला. एकातही कॅल्क नाही. परत बोलवावं लागलं, त्यांच्या मिस्टरांनी दुसऱ्यांदा रजा काढली आणि मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझा हिशोब एकच, आधी तुकडा बघायचा, मग क्लिप, मग सुई बाहेर.

सोनोग्राफीत दिसणारी गाठ असेल तर काम सोपं आहे. साधारण १४ गेजची गन असते (गेज म्हणजे सुईची जाडी, आकडा लहान तितकी सुई जाड), पुष्कळ गनची सुई फायर केल्यावर २२ मिमी पुढे जाते, त्यामुळे आधी टोकाच्या पुढे तेवढी जागा आहे का बघायचं आणि सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवायची. फायर झाल्यावर लगेच बाहेर ओढायची नाही! आधी लांबीत फोटो सेव्ह करायचा, मग प्रोब ९० अंश फिरवायचा, गाठीच्या आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे. लांबीत सुई गाठीतून गेल्यासारखी दिसते आणि आडव्यात बघावं तर ती शेजारून गेलेली असते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता दुसरा फोटो नसेल तर मी डॉक्टरांनासुद्धा टोकते.

मग तुकडा डोळ्यांनी बघा. शिजलेल्या शेवईच्या तुकड्याएवढा असतो. पिवळा, तुपकट, फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायचं द्रावण) टाकल्यावर वर तरंगतोय म्हणजे बरीचशी चरबी आलीय. पांढरट, घट्ट, तळाला जातोय तर बरं लक्षण, पण नॉर्मल ग्रंथीचा भागही बुडतोच, आणि चरबीत पसरलेला ट्यूमर असेल तर तुकडा तरंगूही शकतो, तेव्हा बुडाला म्हणून टाळ्या वाजवू नका. एक अंदाज येतो इतकंच.

खरी गंमत कॅल्कची. हे कण बहुतेक वेळा सोनोग्राफीत दिसत नाहीत, म्हणून स्टिरिओवर (दोन कोनांतून एक्स-रे काढून जागा ठरवायची सोय) व्हॅक्यूमची जाड सुई, ९ गेज वगैरे, घालून घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत तुकडे घेतात. कण आले की नाही हे तुकड्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय कळतच नाही. आणि इथेच अडचण आहे, बऱ्याच ठिकाणी स्टिरिओ जोडलेला असतो त्याच मॅमो मशीनला, आणि त्या मशीनमध्ये तर पेशंट अडकून बसलेली असते, मग तुकड्यांचा एक्स-रे काढणार कुठे? स्पेसिमेनचं, म्हणजे फक्त तुकड्यांच्या एक्स-रेचं, छोटं कॅबिनेट असेल तर उत्तम, ते बायोप्सीच्या खोलीतच ठेवा, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नको. नसेल तर दुसरं मशीन तेवढा वेळ रिकामं ठेवायला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी तिथे कोणीतरी स्क्रीनिंगला उभं असतं आणि इकडे पेशंटची मान आखडते.

एक्स-रे काढताना मॅग्निफिकेशनचा स्टँड लावायचा, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढायची, ऑटो एक्स्पोजर बंद करून मॅन्युअलवर कमी केव्ही (एक्स-रेचं व्होल्टेज), कारण एवढासा तुकडा सेन्सर झाकत नाही आणि ऑटो फसतं. त्याआधी रिकाम्या डिशचा एक फोटो घ्या. हसू नका, पेट्री डिशवरची धूळ, काचेवरचा चरा, गॉजमधला एक्स-रेत दिसणारा धागा, हे सगळं पांढरं उमटतं आणि घाईत कॅल्क वाटतं. गॉज बिनधाग्याचाच घ्या, सलाईनने ओलसर करा, तुकडा सलाईनमध्ये डुंबवू नका. तुकडे घेतलेल्या क्रमाने ओळीत मांडा आणि डिशच्या एका कोपऱ्यावर शिशाचं मार्कर ठेवा, नाहीतर स्क्रीनवर चौथ्यात कण दिसतात आणि डिशमध्ये चौथा कुठून मोजायचा यावर दोघांचं भांडण.

कण नसतील तर सुई तशीच ठेवून स्टिरिओची जोडी परत काढायची, रक्त साठून टार्गेट सरकलेलं असू शकतं, मग त्या दिशेला अजून तुकडे.

काही ठिकाणी पॅथॉलॉजीवाले खोलीतच येऊन स्लाइड बघतात. तुकडा काचेवर हलकेच टेकवून लोळवायचा, घासायचा नाही, घासला की पेशी काचेवर राहतात आणि रिपोर्टसाठी नुसता सांगाडा जातो. झटपट स्टेनने मिनिटा-दोन मिनिटांत कळतं की पेशी पुरेशा आल्यात का. आजार दुधाच्या नळीबाहेर पसरलाय का हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे पेशंटच्या समोर त्याबद्दल काही बोलायचं नाही.

आता मशीनमध्येच एक्स-रे असलेली सिस्टीमही मिळते, होलॉजिकचं ब्रेव्हेरा त्यातलंच, तुकडा नळीतून कन्सोलमध्ये येतो आणि लगेच स्क्रीनवर दिसतो, डिश घेऊन पळापळ नाही. डेमोला आले की विचारा, कुठला तुकडा कुठल्या दिशेचा हे नंतर कळतं का, तुकडे फॉर्मेलिनमध्ये टाकताना हात किती लागतो, आणि दर केसला फेकायचा सेट केवढ्याला पडतो (मशीनच्या किमतीत सूट देतात, वसुली इथे होते). आणि हे लक्षात ठेवा की एक्स-रे फक्त कण दाखवतो, बिनकणांच्या गाठीत तुकडा गाठीचा की शेजारचा हे त्यात नीट कळणार नाही, तिथे आपला सोनोचा आडवा फोटोच कामाचा.

शेवटी बाटल्या. कण असलेले तुकडे वेगळ्या बाटलीत, नसलेले वेगळ्या, दोन्हींवर तसं लिहायचं आणि एक्स-रेची कॉपी सोबत द्यायची. पॅथॉलॉजिस्टला कण सापडले नाहीत तर ते ऑक्झलेटचे असू शकतात, ते साध्या स्लाइडमध्ये सुटतात, पोलराइज्ड लाइटखाली चमकतात, पण कण आहेत हे पॅथॉलॉजिस्टला माहीतच नसेल तर ते शोधणार कशाला? लेबलवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही. मधे १ तासाच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि एक्स-रेच्या नादात हाच तास निसटतो. पुढे फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास, नाहीतर ईआर, पीआर, हर-टूच्या (कॅन्सरला कुठलं औषध चालेल हे ठरवायला करतात त्या) टेस्टवर भरवसा राहत नाही. शुक्रवारी चारला टाकलेली बाटली सोमवारी चारला ७२ तासांवर येते, आणि सोमवारी सुट्टी असली की गेली, म्हणून शुक्रवारी दुपारची केस घ्यायच्या आधी मी लॅबला फोन करून शनिवारी प्रोसेसिंगला कोण आहे ते विचारते.